लेकरांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३२:३१, ३३:१२-१७



येत्या नाताळच्या सुट्टीत शब्बाथ शाळेच्या मुलांना घेऊन मांडूच्या डोंगरावर दोन रात्रींचे शिबिर करावे, असे आमच्या देवासच्या लहानशा मराठी मंडळीने ठरविले आहे. महाराष्ट्रातील वाचकांना धार आणि देवास ही नावे पवारांच्या संस्थानांमुळे ठाऊक असतील. देवासला तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत होती. १९४८ साली ती मध्यभारतात विलीन झाली. मराठी घरे मात्र माळव्यात राहिली, आणि पुढे नोकरीनिमित्त आणखीही येत गेली. माझे आजोबा असेच त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातून इकडे आले.

शिबिराची जागा अशी पाहिजे होती की जेथे गाडी जात नाही. रस्ता संपतो तेथे उतरावयाचे, सामान पाठीवर घ्यावयाचे आणि चालत जावयाचे. तेथे दुकान नाही, नळ नाही, दिवा नाही. मुले हे ऐकूनच नाचू लागली. परंतु शिक्षकांच्या सभेत एक प्रश्न निघाला आणि सभा बराच वेळ गप्प राहिली. आमच्या शाळेतील एका अकरा वर्षांच्या मुलीचा डावा पाय जन्मापासून अधू आहे. तिला न्यावयाचे की नाही?

एक शिक्षक म्हणाले, "तिच्याच भल्यासाठी तिला घरी ठेवावे." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आपण प्रार्थना करू आणि तिला नेऊ. प्रभू सांभाळील." दोघेही प्रेमानेच बोलत होते. तरी मला दोन्ही उत्तरे मान्य करवेनात. ते का, हे सांगावयाचे तर मला माझ्या एका अपराधाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

प्रार्थना केली, मोजणी केली नाही

वीस वर्षांपूर्वी मी पंचविशीत होतो आणि शब्बाथ शाळेच्या कामात नवा होतो. मार्चच्या अखेरीस मी २३ मुलांना घेऊन मांडूला गेलो. पठाराच्या कड्याखाली एका खोऱ्यात झरा आहे आणि झऱ्याकाठी गार सावली आहे, असे कोणीतरी मला सांगितले होते. ती जागा मी स्वतः पाहिली नव्हती. प्रत्येक मुलाजवळ एकेक बाटली पाणी होते. पुढचे पाणी झऱ्यावर मिळेल, असा माझा हिशेब. निघण्यापूर्वी आम्ही वर्तुळ करून मोठ्या भक्तीने प्रार्थना केली. मग मोठी मुले पुढे धावली आणि त्यांच्यामागे मी. मी पुढे होतो, कारण पुढाऱ्याने पुढेच असावे असे मला वाटत होते.

तास दीड तासाने आम्ही खाली पोहोचलो. झरा कोरडा होता. मार्चअखेर तो कोरडाच असतो, हे तेथील कोणत्याही गुराख्याने मला सांगितले असते. पण मी विचारले नव्हते. बाटल्या वाटेतच संपल्या होत्या. मुलांना सावलीत बसविले आणि डोकी मोजली. २२ भरली. पुन्हा मोजली. २२.

बंधूंनो, त्या क्षणी पोटात जे होते ते लिहून सांगता येत नाही. जो मुलगा नव्हता तो नऊ वर्षांचा, अबोल स्वभावाचा. पायात रबरी चप्पल घालून आला होता. चपलेचा पट्टा तुटला म्हणून तो मागे थांबला होता. हाक मारावयाची त्याला लाज वाटली. जवळजवळ दोन तास मी त्या उन्हात, त्या पानगळीच्या रानात त्याच्या नावाने ओरडत फिरलो. शेवटी तो सापडला तो एका मोहाच्या झाडाखाली. मोहाची फुले वेचावयास आलेल्या एका भिल्ल बाईने त्याला सावलीत बसविले होते, आपल्याजवळचे पाणी पाजले होते आणि चपलेचा पट्टा दोरीने बांधून दिला होता. ती आपल्या बोलीत मला काहीतरी रागाने म्हणाली. शब्द कळले नाहीत. पण तिने एक हात मुलाच्या डोक्याएवढ्या उंचीवर धरला आणि दुसरा हात लांब खोऱ्याकडे दाखविला. एवढेसे पोर, आणि तुम्ही एवढे लांब! याहून स्पष्ट उपदेश मी आजवर ऐकलेला नाही. घाईत आणि शरमेत मी त्या माउलीचे नावही विचारले नाही, ह्याची खंत मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाच्या घरी क्षमा मागावयास गेलो. त्याच्या आईने मला चहा दिला. रागावून बोलली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, प्रार्थना करून निघालात हे चांगलेच केलेत. पण मोजून निघाला नव्हतात का?"

पुढे मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली, पुष्कळ ग्रंथ वाचले. परंतु ह्या एका प्रश्नाने मला जितके शिकविले तितके थोड्याच पुस्तकांनी शिकविले असेल. तो प्रश्न मनात ठेवून आपण आता शास्त्रपाठाकडे वळू या.

लंगडणारा पुढारी

याकोब वीस वर्षांनी आपल्या देशी परत येत आहे. बरोबर बायका, लहान लेकरे, गुरेढोरे, शेरडेमेंढरे आहेत. समोरून भाऊ एसाव ४०० माणसे घेऊन येतो. याकोबाला भय होते की भाऊ सूड घेईल. पण एसाव त्याला मिठी मारतो, दोघे रडतात. मग एसाव म्हणतो की चला, आपण बरोबर जाऊ, मी तुझ्या पुढे चालतो. ही मोठी मानाची सूचना होती. ४०० जवानांची सोबत कोणाला नको?

याकोब नम्रपणे नकार देतो. त्याचे कारण फार साधे आहे. तो म्हणतो की मुले कोवळी आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई माझ्याजवळ आहेत. एक दिवसही त्यांना दामटले तर सारा कळप मरून जाईल. तेव्हा आपण पुढे व्हावे, मी मात्र गुरांच्या आणि लेकरांच्या पावलांनी सावकाश येईन.

याकोबाने आपण सेईरला येऊ असेही भावाला सांगितले आणि तो तिकडे गेला नाही. त्याच्या त्या बोलण्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु चालीविषयी तो जे बोलला ते खरे होते. ते त्याला कसे समजले, हे पाहावयाचे असेल तर एक अध्याय मागे जावे. त्याच पहाटे पनुएल येथून निघताना याकोब मांडीच्या सांध्यामुळे लंगडत होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी धडपडलेला, जन्मतानाच भावाची टाच धरलेला हा माणूस, देवाच्या भेटीनंतर लंगडू लागला. आणि लंगडू लागल्याबरोबर त्याला लेकरांची चाल दिसू लागली.

मी पंचविशीत ह्या अध्यायावरून झपाट्याने वाचत गेलो होतो. तेव्हा माझे गुडघे बरे होते.

प्रियांनो, आता आमच्या शिक्षकांच्या सभेकडे परत या. "तिला घरी ठेवू" हे एसावाच्या जवानांचे उत्तर आहे : चाल आमची, जमेल त्याने यावे. "नेऊ, प्रभू सांभाळील" हे माझे वीस वर्षांपूर्वीचे उत्तर आहे : चाल आमचीच, मागे राहील त्याला प्रभूने पाहावे. याकोबाचे उत्तर तिसरे आहे. चालच तिची ठेवावयाची, आणि साऱ्या प्रवासाची आखणी तिच्या पावलावरून करावयाची.

ह्या उत्तराप्रमाणे तयारी कशी करावी, हे आम्ही ह्या दोन महिन्यांत शिकलो. त्यातील काही गोष्टी तुम्हाला, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना, उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

१. आधी जाऊन पाहा

लूकच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. शहाणा माणूस आधी खाली बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. हा दाखला शिष्यपणाची किंमत सांगण्यासाठी आहे हे खरे. पण प्रभूने तो दिला तेव्हा हिशेब करणे हे शहाण्याचे लक्षण आहे हे त्याने गृहीतच धरले.

हिशेबाची पहिली बाब पाणी. मांडू हे पाण्याच्या हिशेबाचे मोठे पाठ्यपुस्तकच आहे. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, विंध्याच्या दक्षिण कडेला, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर हे पठार आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी माळव्याच्या सुलतानांनी राजधानी धारहून तेथे नेली. रूपमतीच्या सज्जातून खाली निमाडचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदेची रेघ दिसते. पण ती नदी खाली, दूर. वर पठारावर नदी नाही. जे काय पाणी ते पावसाचे. म्हणून त्या कारागिरांनी महाल बांधताना आधी पाण्याची वाट बांधली. मुंज तलाव आणि कपूर तलाव ह्यांच्यामध्ये जहाज महाल उभा आहे. तेथील नागमोडी पन्हळी पाहा. पाणी सावकाश वाहावे आणि गाळ मागे राहावा, अशी ती रचना. चंपा बावडी, उजाली बावडी, अंधेरी बावडी अशा विहिरी आहेत. सुलतान गेले, सैन्ये गेली. त्या हिशेबाच्या खुणा अजून आहेत.

आणि हिशेब चुकला म्हणजे काय होते, ते आमच्या देवासने पाहिले आहे. जुने तलाव दुर्लक्षित राहिले, नलिकाकूप खोल खोल गेले, आणि १९९० साली इंदूरहून रेल्वेच्या वाघिणींतून देवासला पाणी आणावे लागले. मी तेव्हा लहान होतो. रिकामी घागर घेऊन रांगेत उभे राहिल्याचे मला आठवते. पुढे २००६ पासून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा देऊन हजारो शेततळी खणली आणि चित्र पालटू लागले. पाणी आकाशातून देवच देतो. ते धरून ठेवावयाची अक्कलही त्याचीच देणगी आहे.

तेव्हा ह्या खेपेस आम्ही कागद घेऊन बसलो. मुले २४, मोठी माणसे ७, एकूण ३१. पिण्यास व स्वयंपाकास माणशी दिवसाला निदान ४ लिटर धरले तर दिवसाचे १२४ लिटर झाले. दोन दिवसांचे २५० च्या घरात. लिटरला किलो ह्याप्रमाणे हे अडीचशे किलो वजन पाठीवरून कोण नेणार? म्हणजे जागेजवळ भरवशाचे पाणी हवेच. केवळ ऐकीव झरा नको. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे शिक्षक आणि त्या मुलीचे वडील मांडूला जाऊन आलो. सोबत ती मुलगीही होती. आम्ही दोन जागा पाहिल्या.

पहिली जागा फार सुंदर होती. खोऱ्यात उतरणारी चार किलोमीटरची वाट, तळाशी कातळातील डोह, वर साग आणि मोह. मन मोहून गेले. परंतु उतार निसरडा आणि वाटेत हात धरावयासही जागा नाही. अर्ध्या वाटेवरून आम्ही परतलो. दुसरी जागा पठारावरच, एका लहान तळ्याच्या काठी; गाडी थांबते तेथून दीड किलोमीटर, बैलगाडीची सपाट वाट. पलीकडे भिल्लांची वस्ती आहे, तिकडे तिला फलिया म्हणतात. त्या वस्तीत हातपंप आहे आणि तो उन्हाळ्यातही आटत नाही, असे तेथील म्हाताऱ्या माणसांनी सांगितले. ह्या वेळी मी विचारले; त्यांची नावेही विचारून वहीत लिहिली.

आम्ही पहिली जागा सोडली आणि दुसरी धरली. मोठी मुले हिरमुसली. त्यांना मी एवढेच म्हणालो की डोह कोठे पळून जात नाही; आणखी मोठे व्हा आणि मग जा.

जागा ठरली म्हणजे परवानगी आली. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या कचेरीची लेखी परवानगी हवी, गावची असेल तर पंचायतीची. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंच्या आवारात रात्री मुक्काम करता येत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. कैसराचे ते कैसराला भरावयाचे म्हणजे फक्त कर नव्हे. नियम पाळणेही त्यात आले.

२. सावकाश चाला आणि शेवटच्याला सांभाळा

त्या सपाट वाटेवर मी घड्याळ लावून चाललो. मला २० मिनिटे लागली. ती मुलगी दोनदा विसावा घेत ५० मिनिटांत पोहोचली. आमच्या वेळापत्रकात आता ५० मिनिटे लिहिली आहेत. देवासहून इंदूर, धार करीत मांडू सुमारे १४० किलोमीटर पडते. पहाटे निघालो तर दुपारी सामानासकट जागेवर पोहोचू. डिसेंबरच्या अखेरीस तिकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि थंडी एकदम उतरते. तंबू उभारून, पाणी भरून, स्वयंपाक आटपून मुले अंधारापूर्वी एका जागी बसली पाहिजेत. हे सारे गणित त्या ५० मिनिटांपासून सुरू झाले.

परत येताना मुलगी मला म्हणाली, "काका, मी नेहमी शेवटीच राहीन. मग टॉर्च कोणाकडे असेल?"

मी उत्तर देणार तोच मला अनुवाद २५:१७-१८ आठवले. मिसर देशातून निघालेल्या इस्राएलावर अमालेकाने हल्ला केला तो पुढून नव्हे. थकलेभागले जे मागे रेंगाळत होते त्यांना त्याने गाठले. देवाला ते इतके लागले की त्याने ते विसरू नका म्हणून बजावले. आणि गणना १०:२५ मध्ये पाहा : कूच करताना दान वंशाचे निशाण सर्वांच्या शेवटी असे, साऱ्या छावणीच्या पाठीशी. पुढे जाणाऱ्याला वाट दिसते. शेवटच्याला सगळी माणसे दिसतात. म्हणून आता आमच्यात असे ठरले आहे की सर्वांत अनुभवी शिक्षकाने सर्वांच्या शेवटी चालावे. टॉर्च, शिटी, औषधांची पेटी आणि पाण्याची जादा बाटली त्याच्याकडे. त्याच्या मागे कोणीही असावयाचे नाही. पुढे चालणाऱ्याने दर दहा मिनिटांनी थांबावयाचे आणि शेवटचा दिसल्याशिवाय निघावयाचे नाही. ह्या वेळी शेवटी मी चालणार आहे.

आणि मोजणी. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मरीया आणि योसेफ सणाहून परततात. येशू सोबतच्या लोकांत असेल अशा समजुतीने ते दिवसभराची वाट चालतात, आणि मग शोध सुरू होतो. ज्यांच्या हाती देवाने आपला पुत्र सोपविला त्या भक्तिमान आईबापांकडूनही "असेल कोठेतरी" ही चूक झाली. तेव्हा आपली काय कथा! प्रत्येक मुलाला जोडीदार द्यावा. निघताना, थांबताना, जेवताना, निजताना डोकी मोजावी. ९९ मेंढरे सोडून एकासाठी जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट आपण फार गोडीने शिकवितो. पण तो मोजत होता म्हणूनच त्याला एक हरवल्याचे कळले, हे आपल्या ध्यानात येत नाही.

३. सामानाजवळ राहणाऱ्यांचा वाटा

मंडळीतील दोन वृद्ध भगिनींना मुलांबरोबर यावयाचे आहे. पण त्यांच्याने चालवणार नाही. त्या मांडूच्या धर्मशाळेत राहतील. गाडी, जादा शिधा आणि घरी निरोप पाठविण्याचे काम त्यांच्याकडे. कारण तळ्याकाठी फोन लागेलच असे नाही. काही झाले तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावणे, धारच्या सरकारी रुग्णालयाला कळविणे, हे त्यांनीच करावयाचे. शिबिराच्या अखेरच्या उपासनेत साक्ष त्याही देतील, आणि मुलांनी केलेल्या भेटी त्यांनाही मिळतील.

हे आम्ही पहिल्या शमुवेलच्या ३० व्या अध्यायातून घेतले. दावीदाच्या ६०० माणसांपैकी २०० जण इतके थकले की बसोर ओढा त्यांना ओलांडवेना. ते सामानाजवळ राहिले. लढून आलेल्यांपैकी काहीजण म्हणाले की ह्यांना लुटीतला वाटा कशाला? दावीदाने ते मानले नाही. जो लढाईत उतरतो आणि जो सामान राखतो, दोघांचा वाटा सारखा, असा त्याने नियमच घालून दिला. आपल्या मंडळ्यांत व्यासपीठावर बोलणारे आणि मागे भांडी घासणारे ह्यांच्यासाठीही हाच नियम आहे, हे आपण किती वेळा विसरतो!

४. जागा होती तशी ठेवा

ही गोष्ट काहींना उपदेशात सांगण्याजोगी वाटणार नाही. पण शास्त्राला तिची लाज वाटली नाही. अनुवाद २३:१२-१४ मध्ये छावणीबाहेर शौचाची जागा नेमावी, सोबत खणावयाचे हत्यार असावे आणि मळ झाकावा अशी आज्ञा आहे, आणि कारण दिले आहे की देव छावणीतून फिरत असतो. तळ्यापासून निदान दोनशे फूट दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. मुलांनी हे शिकावे. ते तळे आपले नाही. फलियातील गुरे तेथे पाणी पितात.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, ते वाया जाऊ नयेत म्हणून. बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती भाकरीला तोटा नाही तोही रानात काही टाकून गेला नाही. आम्ही आमचा सर्व केर पोत्यात भरून परत आणणार आहोत. कोरड्या गवतात उघडी शेकोटी पेटविणार नाही. स्वयंपाक स्टोव्हवर होईल. रात्री कोणी टॉर्चवाचून आणि बुटांवाचून बाहेर पडावयाचे नाही. साप चावलाच तर कापणे, चोखणे, दोरी आवळणे काही करावयाचे नाही. माणसाला हलू न देता तडक रुग्णालयात न्यावयाचे. हातपंपाचे पाणीही उकळूनच प्यावयाचे.

विश्वास आणि वही

कोणी विचारील, "एवढा हिशेब केला तर विश्वासाला जागा कोठे राहिली?" हा प्रश्न मलाही पडत असे. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, उद्या अमुक गावी जाऊ आणि तमुक करू म्हणणाऱ्यांना प्रेषित दटावतो. परंतु तो बेत करू नका असे म्हणत नाही. प्रभूची इच्छा असेल तर, हे शब्द बेताच्या आरंभी ठेवा, असे म्हणतो. बेत न करणे हा विश्वास नव्हे. माझ्या तरुणपणी मी ज्याला विश्वास समजत होतो तो पुष्कळसा आळस होता, आणि थोडासा गर्व. त्याची किंमत मी भरली नाही. एका नऊ वर्षांच्या मुलाने उन्हात भरली. हिशेब न केलेल्या विश्वासाची किंमत बहुधा दुसराच कोणी भरतो, आणि तो आपल्यातला सर्वांत लहान असतो.

आमच्या मंडळ्यांचे पूर्वीचे मिशनरी हिवाळ्यात तंबूचे दौरे करीत. नगर जिल्ह्यातील जुन्या घरांतून अजून त्यांच्या आठवणी निघतात. तंबूची बैलगाडी आदल्या रात्री पुढे जाई, पाण्याची सोय पाहून तळ पडे, आणि मग दुसऱ्या दिवशी गावात सुवार्ता ऐकू येई. गाडीवान आणि स्वयंपाकी ह्यांच्या हिशेबाशिवाय ते दौरे झाले नसते, हे आपण ध्यानात ठेवावे.

आणि शेवटी आपण स्वतःला विचारू या की आपण मुलांना असल्या आडरानात नेतो तरी कशाला? शिष्यांना जेवावयासही सवड नव्हती. तेव्हा प्रभूने त्यांना एकान्त जागी येऊन थोडा विसावा घ्यावयास सांगितले. तो त्यांना घेऊन गेला. तेथेही लोक आलेच, आणि मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते दिसताच त्याला कळवळा आला. मग त्याने काय केले? त्यांना हिरव्या गवतावर पंगती करून बसविले, शंभर शंभर आणि पन्नास पन्नास. प्रभूच्या कळवळ्यात पंगतींची व्यवस्था होती. म्हणूनच भाकर शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली.

याकोब सेईरच्या वाटेने न जाता सावकाश एका ठिकाणी थांबला. तेथे त्याने आपल्या गुरांसाठी मांडव घातले, आणि त्या जागेला सुक्कोथ, म्हणजे मांडव, असे नाव पडले. एसाव आणि त्याचे ४०० जवान केव्हाच पुढे निघून गेले होते. याकोबाजवळ मात्र एकही लेकरू कमी नव्हते.

प्रभूची इच्छा असेल तर नाताळनंतर आम्ही निघू. ३१ जणांची यादी वहीत लिहिली आहे. तिच्या आरंभी त्या मुलीचे नाव आहे, कारण आखणी तेथून सुरू झाली. वीस वर्षांपूर्वीचा तो अबोल मुलगा आज मोठा झाला आहे. ह्या शिबिरात पाणी भरण्याचे काम त्याने आपणहून मागून घेतले. मी त्याला कारण विचारले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही मुलांना रानात न्या वा न न्या. दर आदितवारी काही लेकरे तुमच्या मागून चालत असतात. वचन पाठ करण्यात कोणी मागे असेल, घरच्या दुःखाने कोणी मागे असेल, कोणाच्या चपलेचा पट्टा तुटला असेल आणि त्याला हाक मारावयाची लाज वाटत असेल. येत्या आदितवारी वर्ग सुरू करण्यापूर्वी मागे वळून पाहा आणि मोजा.

प्रार्थना : हे प्रभू, चांगल्या मेंढपाळा, तू आमच्या चालीने चालत आलास म्हणून आम्ही वाचलो. आमची घाई आम्हाला क्षमा कर. जी लेकरे तू आमच्या हाती दिली आहेस त्यांची नावे आमच्या ध्यानी राहू दे, आणि शेवटचे पाऊल पोहोचेपर्यंत आम्हाला थांबावयास शिकव. ज्या अनोळखी हातांनी आमच्या लेकरांना पाणी पाजले त्यांना आशीर्वाद दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.